पुढचे दोन दात

माणूस भेटला की आपण त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. आमचे हे बघत नाहीत. हे दातांकडे बघतात. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं, त्या घरची बाई ओळख करून घ्यायला खाली आली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि यांचं तिच्याशी पहिलं वाक्य काय, तर "तुम्ही फक्त डाव्या बाजूनं चावता का?" ती बाई परत कधी आमच्याकडे आली नाही. जिन्यात भेटलीच तर ओठ घट्ट मिटून मान हलवते.

माझ्या मोठ्या भावाला छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आमचे सगळ्यांचे जीव टांगणीला. हे त्याच्या उशाशी पंधरा मिनिटं बसले, झोपेत त्याचं तोंड उघडं होतं त्यात बघत राहिले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "खालची कवळी ढिली झालीय गं त्याची. घरी सोडलं की पाठव माझ्याकडे." अशा माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली आहेत. मला कुणी बक्षीस द्यावं असं म्हणत नाही, पण निदान कौतुक तरी करायला हरकत नाही.

हे कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, हे त्यात प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढतात, साच्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी ती गुलाबी हिरडी, आणि शेवटी घासकाम. घराची पुढची खोली म्हणजे यांचं दुकान. तिथे एक लांब टेबल, एक घासायचं मशीन, आणि भिंतीवर छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. चारशे तरी असतील. ज्यांचे आहेत त्यातले निम्मे लोक देवाघरी गेले, पण जबडे आमच्याकडे आहेत. मी रोज पुसते. प्लॅस्टरची ती बारीक पांढरी धूळ पडद्यांवर बसते, उश्यांवर बसते, चहावर साय आली तर आधी ती सायच आहे ना हे मी बोटानं बघते.

लग्न ठरवायला हे आमच्याकडे आले तेव्हा सारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी लाजून लाल झाले. आत जाऊन बहिणीला म्हटलं, माणूस जरा आगाऊ दिसतो, पण रसिक आहे. लग्नानंतर महिन्याभरानं कळलं. "तुझा खालचा जबडा फार सुरेख आहे," हे मला म्हणाले. चाळीस वर्षांत केलेलं हे एवढंच कौतुक. तेही खालच्या जबड्याचं.

आता तर यांची चिडचिड विचारू नका. डॉक्टर हल्ली माप घेतच नाहीत. तोंडात छोटा कॅमेरा फिरवतात, चित्र कॉम्प्युटरवर जातं, आणि तिकडे कुठे तरी मशीन दात तयार करून देतं. "दात छापतात आता," हे दिवसातून चारदा म्हणतात, मला, भिंतीला, दूधवाल्याला. यांच्याकडे येतात ती फक्त म्हातारी माणसं, तडा गेलेली कवळी रुमालात बांधून आणणारी. आणि अधूनमधून एखादा हौशी. साठीच्या घरातले एक गृहस्थ फोनवर पंचविशीतल्या कुणा नटाचा फोटो घेऊन आले होते, अस्से दात पाहिजेत म्हणून. यांनी त्यांच्यासमोर दातांच्या रंगांची पट्टी धरली. पट्टीत सगळ्यात पांढरा जो रंग तोही त्या गृहस्थांना पिवळा वाटला. "याहून पांढरं आमच्या बाथरूममध्ये भांडं आहे, ते नेता का?" असं यांनी विचारलं. गिऱ्हाईक गेलं.

स्वतःचे दात मात्र यांनी मला कधी दाखवले नाहीत. म्हणजे नसलेले. एक्कावन्नाव्या वर्षी यांच्या हिरड्यांनी दगा दिला, एकेक करत सगळे दात काढावे लागले. यांनी स्वतःची कवळी स्वतः केली, आणि त्या दिवसापासून बाथरूमच्या दाराला आतून कडी. रात्री कडी, सकाळी कडी. सोळा वर्षं. लोकांच्या तोंडात दिवसभर डोकं घालणारा माणूस, पण यांचं रिकामं तोंड बायकोनं बघायचं नाही. मी एकदा चुकून दार ढकललं तर दोन दिवस बोलले नाहीत. मीही मग सोडून दिलं. प्रत्येकाची काही तरी खोड असते, यांच्यात फक्त संख्या जास्त आहे.

आता लेकीचं सांगते. सांगायचं ते तिचंच होतं, यांच्यावर चिडण्यात वेळ गेला.

ठकी आमची एकुलती एक. सदतीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात असते, चांगल्या नोकरीत आहे, तरी आमच्यासाठी ठकीच. ती तीन वर्षं आमच्याकडे आली नव्हती. कामं आहेत, बिट्टीची, म्हणजे आमच्या नातीची, शाळा आहे, उन्हाळ्यात बघू. उन्हाळा आला की पावसाळ्यात बघू. फोन मात्र दर रविवारी. व्हिडिओवर. त्यात फोन असा धरते की मला तिचं कपाळ आणि डोळे दिसतात. नाकाखाली काही नाही. हे फोन असा धरतात की तिला आमचा पंखा दिसतो. अर्धा तास ते कपाळ आणि पंखा एकमेकांशी बोलतात, आणि याला म्हणायचं संपर्कात राहणं.

ठकी हसताना तोंडावर हात ठेवते. तेरा वर्षांची असल्यापासून. का ठेवते ते मला माहीत आहे, आणि तीच माझ्या जिवाला लागलेली गोष्ट आहे.

तिचे पुढचे वरचे दोन दात जरासे पुढे आहेत. फार नाही. तेव्हा कुणी डॉक्टर म्हणाले तार लावून घ्या, म्हणून यांनी तिचं माप घेतलं, साचा काढला. साचा हातात घेऊन बघत बसले आणि म्हणाले, "काही गरज नाही तारेची." विषय संपला. तो साचा फळीवर जायचा, तर यांनी तो दुकानाच्या काउंटरवर ठेवला, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि खाली चिठ्ठी चिकटवली, नमुना. एक दिवस ठकीच्या वर्गातली मुलगी आपल्या आजीला आणि तिची मोडकी कवळी घेऊन आली. आजीला नवे दात अगदी सरळ रेघेत हवे होते. यांनी काउंटरवरचा साचा उचलला, पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "हे बघा, हे पुढचे दोन कसे बाहेर आहेत. आमच्या मुलीचे आहेत."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गात ठकीचं नाव नमुना झालं. दहावीपर्यंत तेच होतं.

त्या दिवशी ती शाळेतून आली ती स्वयंपाकघरात माझ्या पदरात तोंड खुपसून रडली. आणि मी काय केलं? मी म्हटलं, "एवढं काय त्यात. बाबांना सांगू नकोस हं, त्यांना वाईट वाटेल." कढईत काहीतरी करपत होतं, मला तिकडे बघायचं होतं. पोरीनं डोळे पुसले, मान हलवली, आणि खरंच कधी सांगितलं नाही. त्या आठवड्यापासून हात तोंडावर गेला. ती एवढी शहाणी निघाली याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता तो आठवला की स्वतःचीच चीड येते. साचा काउंटरवरून उचलून आत ठेवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी चोवीस वर्षं त्याच्यावरची धूळ पुसली.

तर या वेळी ठकीचा फोन आला, आम्ही आठ दिवस येतोय. नवरा कामामुळे नाही, ती आणि बिट्टी. मी आनंदानं काही बोलायच्या आत म्हणाली, "आई, एकच. बिट्टीचे पुढचे दोन दात पडलेत. नवे येतायत ते जरा तिरके येतायत. बाबांना सांग, त्यावर एक अक्षर नको. एक अक्षर बोलले तर मी त्याच दिवशी बॅग भरीन, आणि मग परत बोलावू नकोस." आवाज चढवला नव्हता. आवाज चढवला असता तर मला कमी भीती वाटली असती.

मी यांना बसवून बजावलं. दात हा शब्द घरात काढायचा नाही. जबडा नाही, हिरडी नाही, चावणं नाही.

"मग बोलायचं काय?" यांनी विचारलं. खरोखर अडचणीत पडून विचारलं.

"हवेवर बोला. शाळेवर बोला. चार माणसं बोलतात तसं बोला."

"नातीच्या तोंडात काय चाललंय ते आजोबांनी बघायचं नाही? माझा धंदा आहे तो."

"आठ दिवस बंद ठेवा धंदा. तसाही कोण येतंय?" असं मी बोलून गेले. हे गप्प झाले. मला वाईट वाटलं, पण गप्प झाले हे बरंच झालं.

चार दिवस यांनी कमाल केली. पहिल्या दिवशी बिट्टी जेवायला समोर बसली, तर हे खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून जेवले. ठकीनं विचारलं, बाबा असे का बसलेत? मी म्हटलं, मान अवघडलीय. दुसऱ्या दिवशी बिट्टी सफरचंद घेऊन आली आणि कडेच्या दातांनी ते करवतीसारखं कापायला लागली. हे उठून गॅलरीत गेले आणि सफरचंद संपेपर्यंत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी हवेवर बोलले. सलग वीस मिनिटं. ठकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, बाबांची तब्येत बरी आहे ना?

मी दिवस मोजत होते. चार गेले, चार राहिले. आठही असेच गेले तर पुढच्या वर्षी ती परत येईल, एवढंच माझं गणित होतं.

पाचव्या दिवशी दुपारी बिट्टी दुकानात गेली. मी दाराआड उभी राहिले, पहाऱ्यावरच म्हणा ना. हे जुन्या कवळीचा तुकडा घासत होते. मशीन सुरू झालं की ते आधी शिंकल्यासारखा आवाज करतं. बिट्टीला त्याचं हसू आलं. आणि हसताना तिनं तोंडावर हात ठेवला. अगदी ठकीसारखा, तळवा उताणा, बोटं नाकाला टेकलेली.

यांनी मशीन बंद केलं. 

"हात का ठेवलास गं?" यांनी विचारलं.

"असंच हसतात आजोबा. मोठ्या मुली असंच हसतात. आई हसते ना."

"आई असं हसते?"

"नेहमीच. तुम्ही बघितलं नाही?"

यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग आत माझ्याकडे आले. मी पटकन ओट्याशी जाऊन उभी राहिले होते, दाराआडून ऐकणारी बाई मी नव्हेच, अशा थाटात.

"ठकी हात ठेवून हसते?"

"चोवीस वर्षं."

"मला कसं दिसलं नाही?"

इथे माझा बांध फुटला. "कसं दिसेल? फोनवर कुणाचाही फोटो आला की तुम्ही दोन बोटांनी ताणून फक्त तोंड मोठं करता. ठकीचं तोंड मिटलेलं असतं, मग तुम्ही पुढच्या फोटोवर. ज्यात दात दिसत नाहीत ते तुम्हाला दिसत नाही." मग मी सगळं सांगितलं. शाळेतली मुलगी, आजी, पेन्सिल, वर्ग, नमुना. कढईही सांगितली. मी तिला गप्प बसवलं होतं तेही. आवाज दाबून सांगत होते, ठकी आतल्या खोलीत फोनवर ऑफिसशी बोलत होती.

हे स्टुलावर बसले. मग म्हणाले, "अगं, पण मी त्या आजीला सांगत होतो की खरे दात असे असतात. रेघेत कुणाचेच नसतात. असे असतात म्हणून माणूस हसला की छान दिसतं. तिचे मला आवडले होते, म्हणून तर तार लावली नाही. आणि ते माप माझ्या हातचं सगळ्यात स्वच्छ माप आहे. एक बुडबुडा नाही त्यात. म्हणून काउंटरवर ठेवलं."

मी डोक्याला हात लावला. चोवीस वर्षं. बुडबुडा नाही म्हणून. "हे तिला सांगितलं होतं कधी?"

"त्यात सांगायचं काय? दिसतंच की," हे म्हणाले.

अशा माणसाला काय करायचं मला सांगा. राग तरी कसा करायचा, आणि नाही करायचा तर काय करायचं.

संध्याकाळी काउंटरवर साचा नव्हता. चिठ्ठीच्या डिंकाचा चौकोन तेवढा राहिला होता. मी विचारलं नाही. ठकी दोनदा त्या खोलीतून गेली, दुसऱ्यांदा जरा थांबली, पण तिनंही विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची रीत मीच पाडलेली आहे.

सहाव्या दिवशी सकाळी मी टोस्ट भाजत होते. ठकी चहा ओतत होती, एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप. बिट्टी टेबलाशी पाय हलवत बसली होती. बाथरूमची कडी वाजली आणि हे बाहेर आले.

मी पहिल्यांदा ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली, ओठ कुठे आहेत ते शोधावं लागावं. सदुसष्टचे माझे नवरे एका रात्रीत नव्वदचे झाले होते. दात आत ग्लासात ठेवून, मुद्दाम, हे टेबलापाशी येऊन खुर्चीवर बसले. भिंतीकडे नाही, समोर. हातात तो साचा होता. तो टेबलावर ठेवला आणि बिट्टीकडे बघून हसले. सगळ्या हिरड्या दाखवून.

बिट्टीचे डोळे गोल झाले. "आजोबा, तुमचे सगळेच पडले?"

"शगळे," हे म्हणाले.

ती खिदळायला लागली. हात वर आला, अर्ध्यावर थांबला, तिनं परत आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हात खाली घेऊन टेबलावर आपटत हसत सुटली. हे तिच्यापेक्षा मोठ्यानं हसत होते. वीतभर अंतरावर दोन उघडी तोंडं, एकात काहीच नाही आणि एकात मधली खिडकी.

ठकी मात्र हसली नाही. तिची नजर साच्यावर होती. चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता बॅग.

मग हे तिच्याशी बोलले. दातांशिवाय बोलायची सवय नाही, शब्द निम्मे हवेतच जात होते, हनुवटीवर थुंकी आली ती बाहीनं पुसली. पण कळत होतं सगळं. ते म्हणाले की मला काल कळलं. ते म्हणाले की तुझे दात मला आवडायचे म्हणून लोकांना दाखवत होतो, पण तुला विचारलं नाही, आणि तुला कसं वाटतंय तिकडे पाहिलं नाही, चुकलं माझं. हा साचा तुझा आहे, फोड, नाही तर ने. आणि मग, मी तोंड उघडायच्या आत, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिचंही तुकलंय."

मला एवढा संताप आला. माझं मी सांगणारच होते. पाच दिवस शब्द जुळवत होते, नीट, शांतपणे, संध्याकाळी तिला एकटीला गाठून सांगायचं ठरवलं होतं, आणि या बोळक्यानं टोस्ट जळत असताना ते दोन शब्दांत उरकून टाकलं. "हो, माझंही," मी म्हटलं. "मी तुला गप्प बसायला सांगायला नको होतं. तेव्हाही करपत होतं आणि आताही करपतंय." आणि मला रडू आलं, त्याचीही चीड आली.

ठकी किटली आणि कप धरून तशीच उभी. तिच्या गालावरून पाणी खाली येत होतं. यांनी तिच्याकडे बघत आपला कप उचलून घोट घेतला, तर ओठच नाहीत अडवायला, सगळा चहा सदऱ्यावर. बाहीनं पुसायला गेले तर उरलेला मांडीवर.

"बाबा," ठकी म्हणाली, "मला सगळं कळलं. आता दात घालून या, अंघोळ होतेय तुमची." आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं. दोन्ही हात अडकलेले होते. एकात किटली, एकात कप. हसणं झाकायला काही उरलं नव्हतं, आणि ते आवरतही नव्हतं. चोवीस वर्षांनी मी तिचे ते पुढचे दोन दात पाहिले. जरासे बाहेर. बरोबर तिथेच.

मी यांच्याकडे पाहिलं. हे पुढे झुकले होते, चष्मा नाकावर सरकवून तिच्याकडे बघत होते, आणि तोंड उघडत होते. चाळीस वर्षांत मला ती खूण पाठ झाली आहे. आता हे बोलणार, डावा जरा झिजलाय, रात्री दात खातेस का, काही तरी. मी टेबलाशी सरकून खाली पाय उचलून तयार ठेवला, नडगीवर नेमका बसेल असा.

यांनी तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग कप पुढे केला.

"अजून अर्धा घाल," म्हणाले.

मी पाय खाली घेतला.